हक्कसोडाआधी नाव

आबा २०२१ मध्ये गेले आणि दिवसकार्य आटोपल्यावर घरात कागदपत्रांची म्हणून जी पहिली बोलणी झाली ती वारस नोंदीची होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पणजोबांपासून चालत आलेल्या जमिनीपैकी आबांच्या वाट्याची चार एकर त्यांच्या नावावर होती. ज्वारी, वाघ्या घेवडा आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी आल्याची लागवड, असे तिचे पीक. वारस आम्ही चौघे : आई, माझ्याहून मोठी आक्का, मी आणि सर्वांत धाकटा भाऊ. ही जमीन गेली कित्येक वर्षे भावानेच कसली आहे आणि आबांच्या शेवटच्या आजारपणातली जागरणे त्याने व भावजयीनेच काढली आहेत. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे त्याच्याविरुद्धचे गाऱ्हाणे म्हणून कोणी वाचू नये असे मला मनापासून वाटते.

आमच्याकडची रीत ठरलेली आहे. वारस म्हणून बहिणींची नावे द्यायची, आणि त्या गावी आलेल्याच आहेत तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून दिल्याच्या कागदावर, त्यांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे पुन्हा हेलपाटा नको. आमचे चुलते, नाना, आक्काला आणि मला म्हणाले, "तुम्ही दोघी हायसा तवर हक्कसोडाचं उरकून टाकू. परत रजा काढून कुठं येत बसायचं?" त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते, उलट आमची सोय पाहण्याचाच भाव होता. पण सही करायची की नाही हा प्रश्न त्या बैठकीत कोणाच्याच मनात नव्हता, सही कधी करायची एवढाच होता, आणि त्यानेच मी अस्वस्थ झाले. जी गोष्ट माझी आहे असे कायदा म्हणतो ती सोडण्याचा निर्णय माझ्यासाठी आधीच झालेला होता, आणि तो मी कोण आहे यावरून नव्हे, मी कोणाची कोण लागते यावरून झालेला होता. मी नानांना सांगितले की आधी वारस नोंद होऊ द्या, पुढचे नंतर पाहू. घरात त्या दिवशी कोणी काही बोलले नाही, पण जेवताना पंगतीत नेहमीचे बोलणेही झाले नाही.

नोंदीसाठी लागणारे कागद जमवताना मी जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे नावे बदलल्याच्या नोंदी, हेही मागवले. त्यांतला आजोबांच्या मृत्यूनंतरचा, १९६७ सालचा, हस्तलिखित सातबारा मी बराच वेळ समोर ठेवून पाहत राहिले. कब्जेदाराच्या रकान्यात आबांचे नाव आणि त्यापुढे 'ए. कु. मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर. आजी आणि दोन्ही आत्यांची नावे मात्र उजवीकडे, 'इतर हक्क' या रकान्यात, जिथे एरवी सोसायटीच्या कर्जाचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क असल्या गोष्टी लिहितात. पुढच्या एका फेरफाराने आत्यांच्या नावांना कंस झाला होता, म्हणजे ती नावे रद्द झाली होती. कारण एका ओळीत होते : बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडल्याचा जबाब दिला. खाली एक सही आणि एक अंगठा.

अंगठ्याची आत्या अजून आहे. तिला मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "जबाब कसला गं? चावडीत बोलावलं, अंगठा लाव म्हणले, लावला. भावाचं चांगलं व्हावं असं वाटत नव्हतं का मला? पण इचारलं असतं तरी मी दिलंच असतं." या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. तिने दिलेच असते. भावावर तिची माया होती आणि तिच्या हातून दान घडू शकले असते. पण तिला देण्याची संधीच मिळाली नाही, कारण देण्याआधी वस्तू आपली असावी लागते आणि ती तिची आहे असे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते. त्यागाचे पुण्य तिच्या नावावर लावले गेले, आणि ज्याचा त्याग केला त्यावर मात्र तिचे नाव धड लागलेच नाही.

पुढची पायरी म्हणजे हिस्से समजून घेणे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका वकिलांनी कागदावर मांडून दाखवले ते मी इथे थोडक्यात देते, कारण बहुतेक बहिणींना हे कोणी सांगत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस झाली, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाला जन्मानेच हिस्सा असल्याने ही बरोबरी फक्त वडिलांच्या वाट्यापुरती होती. आमची जमीन पूर्णपणे एकत्र कुटुंबाची धरली तर जुन्या हिशेबाने आबा, आई आणि भाऊ यांचा एकेक तृतीयांश, आणि आबांच्या तृतीयांशाचे चार वाटे, म्हणजे आम्हा बहिणींना प्रत्येकी एक बारांश. चार एकरांत ते तेरा गुंठ्यांच्या आसपास होते. आजच्या कायद्याने आबा, आई आणि तिन्ही मुले यांचे पाच समान हिस्से होतात, आबांचा पाचवा हिस्सा पुन्हा चौघांत जातो, आणि प्रत्येकाला चौथा भाग मिळतो. म्हणजे एक एकर.

जन्माने मिळणाऱ्या या हिश्शाची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. चालुक्यांच्या राजवटीत कल्याणीला विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली आणि मुलाचा हक्क जन्मापासून असतो ही मांडणी तिथून महाराष्ट्रात रूढ झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिलात मुलीला हिस्सा मांडला, ते बिल रखडले, आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःच्या दुरुस्तीने मुलीला जन्मसिद्ध सहहिस्सेदार केले, पण २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली वगळून. आक्काचे लग्न १९८८ चे, माझे १९९७ चे. एकाच आईच्या पोटच्या, एकाच घरात वाढलेल्या आम्ही दोघी, पण त्या कायद्यापुढे मी आबांची मुलगी होते आणि आक्का दुसऱ्या घरची सून झालेली होती. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मानेच आहे, वडील २००५ मध्ये हयात असणे आवश्यक नाही, हेही स्पष्ट केले. आक्काला मी हे समजावून सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "म्हणजे लगीन झालं म्हणून मी आबांची लेक ऱ्हायले न्हवते व्हय?"

माझ्या बाजूने सांगण्यासारखे इतके असले तरी मन निःशंक नव्हते, कारण विरुद्ध बाजूलाही खरे काही होते. माणूस नात्यांतूनच घडतो असे मी मानते. मी आबांची मुलगी आहे, भावाची बहीण आहे, या गोष्टी माझ्या अंगावरच्या शालीसारख्या काढून ठेवता येत नाहीत. त्या काढल्या तर मागे जी उरेल ती मी कोण, हे मला सांगता येणार नाही. नात्याबरोबर कर्तव्य येते हेही मला मान्य आहे. माझी शंका वेगळी होती. मुलाला मिळालेल्या भूमिकेत जमीन आणि जबाबदारी दोन्ही होती. मुलीला मिळालेल्या भूमिकेत साडीचोळी, भाऊबीज आणि सही. ही वाटणी कोणी केली आणि ती तपासून पाहण्याचा अधिकार मला आहे की नाही, एवढाच माझा प्रश्न होता. आणि मुलीकडे जबाबदारी नव्हती हे तरी खरे आहे का? आई-वडिलांना पोसण्याची जबाबदारी विवाहित मुलीवरही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या खटल्यात १९८७ मध्येच सांगितले होते. सगळ्या मुलींना समान हक्क आला २००५ मध्ये. कर्तव्य अठरा वर्षे आधी आले, याकडे माझे आजवर कोणीच लक्ष वेधले नव्हते.

भावाशी मी एकटीच बोलले. विहिरीच्या कडेला बसून तो म्हणाला, "ताई, कायद्यानं तुझं हाय, मला कळतंय. पण दरसाल सोसायटीचं कर्ज काढायला तुझी संमती आणायला पुण्याला यायचं का मी? आन् इतकी वर्षं राबलो त्याचा हिशोब कुठल्या कागदावर हाय?" दोन्ही प्रश्न योग्य होते. सामाईक खात्यावर पीककर्ज किंवा पीकविमा घ्यायचा तर बाकीच्या सहहिस्सेदारांची संमती लागते, आणि शहरात राहणाऱ्या बहिणीची सही वेळेवर मिळाली नाही म्हणून पेरणीच्या तोंडावर अडलेली माणसे मी पाहिली आहेत. दुसरा प्रश्न त्याहून कठीण. सातबाऱ्याला कष्टाचा रकाना नाही. पिकाच्या नोंदीत पीक लिहिले जाते, ते कोणाच्या घामाने आले हे लिहिले जात नाही. जन्माने मिळालेला हक्क आणि राबून मिळवलेला हक्क यांत कायदा पहिल्याला ओळखतो. नीतीने विचार करणाऱ्याला दुसऱ्याकडेही पाहावेच लागते.

त्यामुळे आम्ही एक कौटुंबिक लेख तयार केला. विहिरीचे खोलीकरण, पाइपलाइन आणि ठिबक हे भावाच्या खर्चाने झाले, ते त्याचे. जमीन तोच कसणार, पीक त्याचे. माझा हिस्सा सामाईकच राहील, मी वेगळा तुकडा मागणार नाही. तशीही तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा लहान तुकडे पाडू देत नाही. कधी विकायची वेळ आली तर पहिला हक्क भावाचा, जो सहवारसाला उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नेही आहे. आणि सोसायटीच्या कर्जाचा आबांच्या नावावरचा बोजा चौघांत वाटून फेडायचा. या शेवटच्या मुद्द्याला भाऊ नको म्हणत होता. मी अडून राहिले, कारण २००५ च्या दुरुस्तीतच लिहिले आहे की मुलीला हक्क मुलाइतके आणि त्या मिळकतीवरच्या जबाबदाऱ्याही मुलाइतक्याच. चौथा हिस्सा मागायचा आणि बोजा मात्र भावाच्या अंगावर ठेवायचा, हे मला जमले नसते.

वारस नोंदीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, सर्व वारसांचे प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे पुरावे लागले. माझ्या बाबतीत एक कागद जास्त लागला. शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावापुढे आबांचे नाव आणि माहेरचे आडनाव. आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव. या दोन्ही नावांची बाई एकच आहे असे मला शपथेवर लिहून द्यावे लागले. भावाला असे काही द्यावे लागले नाही. प्रतिज्ञापत्राचा मसुदा वाचताना मला जाणवले की माझी दोन्ही नावे पुरुषांच्या नात्याने पूर्ण होतात आणि त्या दोहोंत समान असलेली एकच गोष्ट म्हणजे मधली मी. अर्ज तलाठ्यांकडे गेला, गाव नमुना ६क या वारस नोंदवहीत नोंद झाली, फेरफार धरला गेला, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला. हे सगळे रीतसर झाले. आता सातबारा संगणकावर निघतो. त्यात आईचे, भावाचे, आक्काचे आणि माझे अशी चारही नावे एकाखाली एक, भोगवटादार म्हणजे जमीनधारक म्हणून आली. फेरफार म्हणजे मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, ती महसुली नोंद असते, हे वकिलांनी बजावले होते. तरीही १९६७ च्या उताऱ्यात आत्या ज्या रकान्यात होत्या त्या रकान्यात मी नाही, हे मला मोलाचे वाटले आणि अजूनही वाटते.

त्यानंतर आक्काने जे केले त्याने मी खरोखर विचारात पडले. नावे लागल्यावर ती म्हणाली, "आता चल, मला हक्कसोड करायचंय." तिच्या घरी बागायत आहे, मुले मार्गी लागली आहेत, भावाला आधार व्हावा असे तिला वाटत होते. मी तिला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला नाही. वडिलोपार्जित मिळकतीचे बहिणीने भावाला करून दिलेले मोबदल्याविना हक्कसोडपत्र दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होत असे, पण ते नोंदणीकृतच असावे लागते. दुय्यम निबंधकांसमोर तिचा फोटो निघाला, यंत्रावर अंगठा घेतला गेला, दोन ओळखदारांनी सह्या केल्या आणि अधिकाऱ्यांनी विचारले, "राजीखुशीनं करताय ना?" आक्काने पदर सावरून, खुर्चीत सरळ बसून उत्तर दिले, "माझं हाय म्हणून देतेय." त्या कार्यालयात हा प्रश्न रोज कितीतरी बायकांना विचारला जात असेल आणि त्याला 'हो' एवढेच उत्तर येत असेल. आक्का आणि आत्या यांनी कागदावर एकच गोष्ट केली, तरी नीतीच्या दृष्टीने ती एकच कृती आहे असे मला मान्य नाही. एकीने आपले दिले, दुसरीकडून ते घेतले गेले.

मी सही केली नाही. मला जमिनीतून पैसा नको आहे, पण माझा जन्म ज्या घरात झाला त्या घराच्या कागदावर मला राहायचे आहे, आणि माझ्यामागे माझी मुलगी व मुलगा या दोघांनी तो हिस्सा सारखा घ्यावा किंवा स्वतः ठरवून सोडावा. आईने आपला चौथा भाग मृत्युपत्राने भावाला द्यायचे ठरवले आहे. काहींना वाटले मी हरकत घेईन. मी का घ्यावी? तो हिस्सा तिचा स्वतःचा आहे, आणि आपल्या इच्छेने तो देण्याचा अधिकार मी स्वतःसाठी मागते तो तिलाही आहे.

या सगळ्यात जे सर्वांत अवघड होते ते माहेरी नव्हतेच. मी माहेरी बहीण आहे, पण सासरी भावजय आहे. सांगली जिल्ह्यातल्या माझ्या सासरी २०१२ मध्ये माझ्या दोन्ही नणंदांची हक्कसोडपत्रे झाली होती, सासऱ्यांच्या वर्षश्राद्धाला त्या आल्या होत्या तेव्हा. भावाला प्रश्न विचारण्याआधी मी नवऱ्याला विचारले होते : मी माहेरी जे मागते आहे ते तुमच्या बहिणींचे इथे होते की नाही? बहिणीच्या भूमिकेत एक नीती आणि भावजयीच्या भूमिकेत दुसरी, असे मला करता आले नसते. ज्या क्षणी माझी मागणी फक्त माझ्यापुरती उरली असती त्या क्षणी ती न्यायाची न राहता लोभाची झाली असती. नवरा काही दिवस या विषयावर काही बोलला नाही. मग एका रविवारी त्याने स्वतःहून २०१२ ची कागदपत्रे काढली आणि आम्ही ती एकत्र वाचली.

इथे एक व्यावहारिक बाब कळली, जी प्रत्येक बहिणीला सहीपूर्वी माहीत असायला हवी. नोंदणीकृत हक्कसोड झाल्यावर बहीण सहहिस्सेदार राहत नाही. भावाला पुढे वाटले की तिला परत द्यावे, तर ते हक्कसोडाने देता येत नाही, बक्षीसपत्र करावे लागते. शेतजमीन मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिली तर मुद्रांकाची सवलत आहे, पण बहीण त्या सवलतीत नाही. तिला देताना बाजारभावाच्या तीन टक्के मुद्रांक शुल्क पडते. बाहेर पडायला दोनशे रुपये लागले होते, परत यायला जमिनीच्या किमतीचा भाग लागतो.

मोठ्या नणंदेचे यजमान गेले आहेत आणि तिच्या हाताशी स्वतःचे म्हणावे असे काही नाही. नवऱ्याने आपल्या वाट्यातले वीस गुंठे तिला बक्षीसपत्राने दिले. मुद्रांकाचा खर्च आम्ही दोघांनी केला, आणि तिचे नाव फेरफाराने सातबाऱ्यावर आले. धाकट्या नणंदेने जमीन नको म्हटले. तिचे म्हणणे वेगळेच आहे : ज्या घरात आम्ही दोघी लहानाच्या मोठ्या झालो त्या घराच्या ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर आमची नावे असू द्या, बाकी काही नको. घर दिरांच्या आणि नवऱ्याच्या सामाईक नावावर आहे. नवऱ्याचा होकार आहे, दिरांचा अजून नाही. त्यांना भीती आहे ती उद्या भाचे दारात उभे राहतील याची, आणि ती भीती खोटी आहे असे मी त्यांना सांगू शकत नाही. माझ्या भावाशी केला तसा लेख इथेही करता येईल का, याचा मसुदा वकिलांकडे दिला आहे. दिवाळीला सगळे गावी येतील तेव्हा तो सर्वांसमोर वाचायचे ठरले आहे, आणि या वेळी बैठकीला दोन्ही नणंदा आधीपासून बसलेल्या असतील.